मंदार यांनी चार पावलं चालावीत

हे सगळं घडलं २०४१ साली, फेब्रुवारीच्या बारा तारखेला, मंगळवारी. वार मुद्दाम सांगते, कारण वाराचा या गोष्टीशी संबंध आहे. मी तेव्हा सहासष्ट वर्षांची होते. कराडच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि डावा गुडघा नुकताच कुरकुरायला लागला होता.

माझी लेक ऋजुता आणि जावई निनाद मुंबईत शिवडीला राहायचे, 'नभांगण' नावाच्या इमारतीत, एकसष्टाव्या मजल्यावर. चौऱ्याहत्तर मजले, आणि त्यातलं एकही घर विकायला नव्हतं. सगळी भाड्याची. राहणारे लोक मोठ्या पगाराचे, आज इथे तर पुढच्या वर्षी सिंगापूरला. त्यामुळे भिंतीला खिळा मारायचा नाही, दाराला तोरण चिकटवायचं नाही, आणि शेजाऱ्याचं नाव विचारायचं नाही. शेवटचा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तोच सगळ्यात कसोशीने पाळला जायचा.

ऋजुताचे दिवस भरत आले होते. बाळंतपण माहेरी कराडला करू म्हटलं, तर तिचा डॉक्टर मुंबईचा. मग माहेरच उचलून मुंबईला गेलं. डिंक, खारीक, खोबरं, अळीव, पितळी खलबत्ता आणि मी.

खाली प्रशस्त दालनात इमारतीच्या व्यवस्थापक लोपेझबाई भेटल्या. वसईच्या, पन्नाशीच्या, मराठी अगदी आपल्यासारखं बोलणाऱ्या.

"ताई, चपला काढून इथून तिथपर्यंत चाला. वीस पावलं."

"कशाला? लग्न ठरवायचंय का माझं?"

"तुमची चाल द्यायची आहे. घराला."

ऋजुता म्हणाली, "आई, नेहमी चालतेस तशी चाल."

"म्हणजे कशी?"

"बाजारातून येताना चालतेस तशी."

"बाजारातून येताना हातात पिशव्या असतात."

लोपेझबाईंनी हसत हसत स्वतःची पर्स माझ्या हातात दिली. मी चालले. छतातून कुठूनतरी एक गोड, समजूतदार बाईचा आवाज आला, "स्वागत, शैलजाताई. तुमची चाल लक्षात ठेवली."

त्या आवाजाला मी 'शेजारीण' म्हणायला लागले, कारण खरी शेजारीण तिथे एकही नव्हती.

आता ही चालीची भानगड काय ते सांगते. उंच इमारतीला सगळ्यात मोठं भय आगीचं. शिडी पोचत नाही, पाणी चढत नाही. म्हणून नभांगण बांधणाऱ्यांनी आग विझवण्याऐवजी आगीचा घासच काढून घ्यायचं ठरवलं. मी दर वर्षी सातवीच्या वर्गात जळत्या मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घालायचे. ज्योत बारीक होते, निळी होते, विझते. हवेत एकवीस टक्के प्राणवायू असतो. तो पंधरापर्यंत उतरला की सहसा काही पेट घेत नाही, आणि माणूस मात्र उंच डोंगरावर गेल्यासारखा थोडा वेळ तग धरतो. बाराच्या खाली निखारासुद्धा विझायला लागतो. आणि माणूसही.

नभांगणच्या तळघरात हवेतला नायट्रोजन गाळून वेगळा करणारी यंत्रं होती. एखाद्या घरात आग लागली आणि आत कुणी नसलं, तर दार बंद व्हायचं आणि घरात नायट्रोजन भरायचा. दहा मिनिटांत प्राणवायू नऊ टक्क्यांवर. पाणी नाही, फेस नाही, सोफ्यावर डागसुद्धा नाही.

पण आत कुणी नाही हे कळायचं कसं? कॅमेरे लावले असते, पण पैसेवाल्यांना घरात कॅमेरा नको असतो. 'तुमच्या घरात डोळे नाहीत' अशी त्यांची जाहिरातच होती. म्हणून फरशीखाली केसासारखे काचेचे तंतू पसरले होते. कुणी चाललं की ते कणभर दबायचे आणि घराला समजायचं, ही ऋजुता, हा निनाद, ही गुडघा ओढणारी म्हातारी. शिवाय श्वासाचा कार्बन डायऑक्साइड मोजणारं एक यंत्र होतं, पण ते पूरक म्हणून. भरवसा पावलांवर.

मला ते फार नवलाचं वाटलं नाही. कराडला आमच्या शाळेच्या क्वार्टरमध्ये सगळेच एकमेकांना पावलांवरून ओळखायचे. हे फाटकातून आले की त्यांच्या चपलेची टाच दोनदा वाजायची आणि मी चहाचं आधण ठेवायचे. फरक एवढाच, की तिथे पाऊल ओळखलं की दार उघडायचं.

*

दोन फेब्रुवारीला मुलगी झाली. पाचव्या दिवशी घरी आणली. लोपेझबाई फुलं घेऊन वर आल्या आणि नोंदणीची डिजिटल पाटीही घेऊन आल्या.

"नवीन रहिवासी. नाव काय ठेवलं?"

"अजून नाही ठेवलं," मी म्हटलं. "बारसं बाराव्या दिवशी. तेरा तारखेला या, घुगऱ्या खायला."

"ताई, नावाशिवाय नोंद पुढे सरकत नाही."

निनाद म्हणाला, "आई, आत्तापुरतं 'बेबी' टाकू या. नंतर बदलता येईल."

"बेबी काय, सोनू काय, कागदावर चढलं की ते नावच. बारशाआधी काही चढवायचं नाही."

माझा आवाज जरा जास्तच चढला असावा. ऋजुताने निनादकडे बघून मान हलवली. तिला कारण माहीत होतं.

ऋजुताच्या आधी सात वर्षं मला मुलगा झाला होता. ह्यांनी हौसेने दुसऱ्याच दिवशी दवाखान्याच्या फॉर्मवर नाव लिहून टाकलं, मंदार. नवव्या दिवशी तो गेला. हृदयात छिद्र होतं. नाव लिहिल्याने हृदयाला छिद्र पडत नाही हे मला कळत होतं. मी विज्ञान शिकवत होते. पण सासूबाई एकदाच म्हणाल्या, "नावाची घाई केलीत," आणि ते वाक्य माझ्या अंगात काट्यासारखं मोडून राहिलं. काटा दिसत नाही, पण हात तिथे लागू देत नाही आपण.

लोपेझबाईंनी पाटीवर काहीतरी खूण केली. "आठ दिवसांचा प्रश्न आहे. प्रलंबित ठेवते."

त्यांची चूक नव्हती. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी माणुसकी केली होती.

मालिश-अंघोळीला शिवडी कोळीवाड्यातून छबूताई यायच्या. पाळणा मांडायला छताला कडी नव्हती, खिळ्याला मनाई. छबूताईंनी इकडेतिकडे बघितलं आणि निनाद व्यायामाला लोंबकळायचा तो भिंतीतला लोखंडी दांडा हेरला. माझ्या जुन्या नऊवारीची झोळी त्याला बांधली.

"जावईबापू, दहा दिस हात लांब नाय झाले तं चालंल ना?"

"चालेल, ताई. तसाही मी त्याच्यावर टॉवेलच वाळवतो."

झोळी जमिनीपासून दोन हात वर. बाळ तिच्यात पुरणासारखं गुंडाळलेलं. छबूताई शेगडीत निखारे घेऊन ओवा, लसणाची सालं आणि लोबान टाकायच्या. पहिल्या दिवशी शेजारीण लगेच म्हणाली, "घरात धूर आढळला आहे. स्वयंपाक सुरू आहे का?"

"हो," ऋजुता म्हणाली, आणि आम्ही तिघी खुदखुदून हसलो. शेजारीण गप्प. मग रोजचं तेच झालं. ती विचारायची, आम्ही 'हो' म्हणायचो. खोटं बोलायची किती लवकर सवय होते, आणि तीसुद्धा यंत्राशी.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्याच आठवड्यात एका दुपारी मी खाली बसून खलबत्त्यात डिंक कुटत होते. अचानक पायाखालून धाड, धाड, धाड असा आवाज आला. खालच्या घरातून कुणीतरी छताला काहीतरी ठोकत होतं. आमच्याकडे खालचे लोक झाडूच्या दांड्याने ठोकायचे, तसंच. त्या इमारतीत छताला आवरणही नसायचं. उघडं काँक्रीट ही त्या काळी श्रीमंती समजली जायची.

तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "घरात एक अनोळखी व्यक्ती चालत आहे. पाहुण्यांचं नाव?"

ऋजुता हसता हसता पोट धरून बसली, टाके दुखेपर्यंत. "आई, त्या खालच्या म्हाताऱ्याच्या ठोक्यांना ती पावलं समजतेय!"

संध्याकाळी निनादने सांगितलं. खाली ६००४ मध्ये राऊळ म्हणून एकटे गृहस्थ राहतात, वेंगुर्ल्याचे, जहाजावर इंजिनिअर होते. मुलाने घर भाड्याने घेऊन दिलंय, मुलगा नॉर्वेत. तंतूंना वरून दाबलं काय आणि खालून हादरवलं काय, ते सारखंच ऐकतात.

मी डिंक कुटायचं थांबवलं आणि ही गोष्ट विसरूनही गेले.

*

बारा तारखेला सकाळी दहाला ऋजुताला टाके दाखवायला जायचं होतं. निनाद तिला घेऊन गेला. छबूताईंनी अंघोळ घातली, शेगडी झोळीच्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवली आणि त्याही गेल्या. घरात मी आणि बाळ.

आदल्या रात्री बाळ फार रडलं होतं. मंगळवार होता, उद्या बारसं. दृष्ट काढायला याहून चांगला वार कुठला? मी मीठ, मोहरी, सात सुक्या मिरच्या घेतल्या, भाकरीचा तुकडा घेतला आणि झोपलेल्या बाळावरून उतरवलं. मीठमोहऱ्या नि मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. ठसका उठला तर दृष्ट नव्हती, नाही उठला तर होती, असं माझी आई म्हणायची. ठसका उठला, आणि जोरदार उठला. बाळाला लागू नये म्हणून मी शेगडी उचलून बाहेरच्या खोलीत आणली आणि आतलं दार ओढून घेतलं.

आता राहिला तो भाकरीचा तुकडा. दृष्ट असो नसो, उतरवलेला तुकडा घरात ठेवायचा नसतो. तो घराबाहेर टाकायचा. जाताना मागे बघायचं नाही, आणि टाकून परत येईपर्यंत कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. कराडला मी तो तीन रस्ते मिळतात त्या तिकाटण्यावर टाकायचे. इथे एकसष्टाव्या मजल्यावर तिकाटणं कुठलं? लांबलचक गालिचा अंथरलेल्या बोळाच्या टोकाला कचरा सोडायची खिडकी होती. मी म्हटलं, हेच माझं तिकाटणं. मोबाइल ओट्यावरच राहिला.

दार उघडून मी बाहेर पडले. पाच पावलं गेले असेन, तेवढ्यात शेजारीण बोलली.

"शैलजाताई, घरात दाट धूर आहे. स्वयंपाक सुरू आहे का?"

मी बोलले नाही.

"शैलजाताई, घरात आणखी कुणी आहे का?"

मी ओठ घट्ट मिटून चालत राहिले. एवढं उतरवलंय, आता बोलून कुठे वाया घालवा! एका मिनिटाचा तर प्रश्न. आल्यावर सांगीन हिला, हो बाई, स्वयंपाक.

"घरात आणखी कुणी आहे का? उत्तर मिळालं नाही, तर घर रिकामं समजलं जाईल."

हे वाक्य मी ऐकलं. आज चौऱ्याऐंशीवं लागलंय मला, आणि तेव्हापासून असा एक दिवस गेला नाही की हे वाक्य मला परत ऐकू आलं नाही. मी ते ऐकलं आणि तरी बोलले नाही. तुकडा खिडकीतून सोडला. मागे, बोळाच्या त्या टोकाला, खट् असा आवाज झाला.

*

मी परत आले. दाराला हात लावला. उघडेना.

"उघड, मी शैलजा."

"शैलजाताई, घरात आग असण्याची शक्यता आहे. घर रिकामं आहे. सुरक्षित हवा सुरू केली आहे. कृपया जिन्याजवळ थांबा."

दाराच्या फटीला कान लावला. आत वाऱ्यासारखा एकसंध घुमारा चालू होता. पेला पालथा घातला होता.

"आत बाळ आहे! ऐकतेस का? बाळ आहे आत!"

"या घरात तीन रहिवासी नोंदलेले आहेत. तिघेही बाहेर आहेत."

"चौथी आहे! अकरा दिवसांची आहे! श्वास मोज ना तिचा!"

"कार्बन डायऑक्साइड वाढलेला आहे. कारण, जळणारा पदार्थ."

माझ्याच निखाऱ्यांनी बाळाचा श्वास लपवला होता. मी दार बडवायला लागले. बोळात आणखी तीन घरं होती. तिन्ही दारं बडवली. एकही उघडलं नाही. मंगळवारी सकाळी दहाला त्या इमारतीत कोण असणार? कदाचित कुणी होतंही, आणि त्याने शेजारणीला विचारलं असेल, बाहेर कोण ओरडतंय, आणि ती म्हणाली असेल, काळजी नको.

"लोपेझबाईंना बोलव!"

"लोपेझ मॅडमना कळवलं आहे. त्या नऊ मिनिटांत पोचतील."

नऊ मिनिटं. दहा मिनिटांत नऊ टक्के. मला गणित येत होतं, हीच माझी शिक्षा होती. काही माहीत नसलेली बाई दार बडवत बसली असती. मला मात्र मिनिटागणिक आकडा दिसत होता, वीस, एकोणीस, साडेसतरा, आणि त्या आकड्याखाली पुरणासारखं गुंडाळलेलं ते बोचकं.

"आतल्या व्यक्तीचं नाव सांगा," शेजारीण म्हणाली. "नोंद तपासता येईल."

नाव! मी तोंड उघडलं. उद्या ठेवायचं नाव ऋजुताने मनात धरलं होतं, मलासुद्धा सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं, ते मी एकोणचाळीस वर्षांत मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

"मंदार! मंदार आहे आत!"

"मंदार. नोंद तात्पुरती स्वीकारली. पावलं आढळत नाहीत. खात्रीसाठी मंदार यांनी जमिनीवर चार पावलं चालावीत."

मी भिंतीला टेकले. घशातून कसलासा आवाज निघत होता तो माझाच होता. ती मात्र त्याच गोड, समजूतदार स्वरात म्हणत होती, "मंदार यांनी चार पावलं चालावीत. मंदार यांनी चार पावलं चालावीत."

आणि ते ऐकता ऐकताच मला खालून आलेले ते ठोके आठवले. घरात एक अनोळखी व्यक्ती चालत आहे. पाहुण्यांचं नाव?

मी जिन्याकडे धावले.

*

६००४ चं दार बडवलं. आतून काठीचा आवाज आला, अगदी सावकाश. दार उघडलं. उंच, वाकलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस.

"काय हो बाई, आज काय कुटताय?"

"राऊळसाहेब, वरती बाळ आहे. घराने हवा काढून घेतलीय. तुम्ही छताला ठोका, तुम्ही ठोकलंत की तिला पावलं वाटतात, पावलं मिळाली तर ती थांबेल..."

त्यांना यातलं किती कळलं देव जाणे. पण त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. जहाजावरचा माणूस. हवा गेली या दोन शब्दांचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. भिंतीला टेकवून शोभेला एक जुनं वल्हं उभं केलं होतं. काठी टाकून त्यांनी ते उचललं आणि छताला दणका दिला.

"तसं नाही! एकाच जागी नाही. चालल्यासारखं! एक पाऊल इथे, पुढचं तिथे!"

"माका धर गे बाये," ते म्हणाले.

मी त्यांची कंबर धरली. लंगडा म्हातारा आणि गुडघ्याने अधू म्हातारी, आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात चालायला लागलो, आणि आमच्या डोक्यावर वल्हं चालायला लागलं. धाड. धाड. धाड. धाड. काँक्रीटचे कपचे आमच्या केसांत पडत होते.

त्यांच्या छतातून तोच आवाज आला, "राऊळसाहेब, छतावर आघात होत आहेत. आपल्याला मदत हवी आहे का?"

"वरच्या ६१०४ मध्ये कोण आहे सांग!" मी ओरडले.

"दुसऱ्या रहिवाशांची माहिती गोपनीय आहे."

म्हणजे उपाय लागू पडला की नाही हे कळायला मार्गच नव्हता. वर जाऊनच बघायचं. राऊळ धापा टाकत म्हणाले, "तू जा. मी चलतंय."

एका मजल्याच्या बावीस पायऱ्या. कठड्याला धरून, गुडघा अक्षरशः हाताने उचलत मी त्या चढले. आकडा मनात चालूच होता. तेरा. साडेबारा. बोळात आले तेव्हा कानात फक्त माझं रक्त वाजत होतं. त्याच्याखाली, दूर, धाड, धाड. वल्हं चालत होतं.

"मंदार यांची पावलं मिळाली," शेजारीण म्हणाली. "शुद्ध हवा सुरू केली आहे. दार उघडत आहे."

शेगडीकडे नजर गेली. निखारे काळे ठिक्कर पडले होते. माझ्या मेणबत्तीसारखे. आतलं दार ढकललं. चार पावलांत मला घेरी आली, डोळ्यांपुढे चांदण्या आल्या. झोळी हलत नव्हती. झोळीत हात घातला. अंग कोमट होतं, चेहरा राखेच्या रंगाचा, ओठ जांभळे. मी बोचकं छातीशी धरून बाहेर बोळात आले, गालिच्यावर बसले, दुपटं सोडलं आणि त्या पावलांना बोटाने टिचक्या मारायला लागले. एवढीशी पावलं. आजवर जमिनीला न लागलेली.

किती टिचक्या मारल्या माहीत नाही. मग तिने आधी उचकी दिली, मग मांजराच्या पिल्लासारखा आवाज काढला, मग ती रडली. चिडून, कर्कश, सगळ्या बोळात घुमेल असं रडली.

तेव्हा कुठे एक दार उघडलं. एका बाईने डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "एनी प्रॉब्लेम?"

खाली राऊळ अजून चालतच होते. त्यांना थांबा सांगायला कुणी गेलंच नव्हतं.

*

आठवडाभर दवाखान्यात ठेवून डॉक्टर म्हणाले, नवजात बाळं या बाबतीत आपल्यापेक्षा चिवट असतात. प्राणवायू साडेअकरापर्यंत उतरला होता. आणखी तीन मिनिटं गेली असती तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

चौकशी झाली. कंपनीच्या अहवालात एक ओळ होती, 'रहिवाशाला तीन वेळा विचारणा केली, प्रतिसाद मिळाला नाही.' ती खरी होती. ऋजुताने ती वाचली आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

"आई, तू बोलली का नाहीस?"

"दृष्ट टाकायला चालले होते."

तिने कागदाची घडी घातली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आणि तिला बेबी म्हणून नोंदवलं असतं तर?"

"तर मोजलं असतं तिला."

मी दुसऱ्या दिवशी कराडला परत आले. पुढचे चौदा महिने लेकीने मला फोन केला नाही. निनाद करायचा, दर रविवारी, हवापाण्याचं बोलायचा.

आता कोणाचं काय झालं ते सांगते.

लोपेझबाईंनी ती 'प्रलंबित'ची खूण स्वतःहून चौकशीत सांगितली आणि नोकरी गमावली. वसईला त्यांनी लहान मुलांचं पाळणाघर काढलं. तिथे हजेरी त्या तोंडानेच घ्यायच्या, आणि रोज संध्याकाळी रिकाम्या खोल्यांतून स्वतः फिरून मगच कुलूप लावायच्या. छबूताईंनी बाळाला तीन महिने न्हाऊमाखू घातलं, पण धुरी पुन्हा कधी दिली नाही. विचारलं की म्हणायच्या, "पोरीला येकदा लय झाली."

नभांगण अजून उभी आहे. फक्त 'आत कुणी नाही' असं माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय आता तिथे हवा काढता येत नाही. गप्प राहणं म्हणजे नाही, असं आता धरत नाहीत.

बारसं पुढे राऊळांच्या घरी झालं, मी नसताना. इरावती नाव ठेवलं. भाडेकरार संपायला दोन वर्षं होती, तेवढी ऋजुता-निनाद तिथेच राहिले. अख्ख्या इमारतीत त्यांची ओळख फक्त खालच्या राऊळांशी होती. राऊळ रोज सकाळी आठला वल्ह्याने चार ठोके द्यायचे आणि वरून इरा दोन्ही पाय आपटून उत्तर द्यायची. दर वेळी शेजारीण म्हणायची, "मंदार घरात आहेत." ती नोंद पुसायचा अर्ज निनादने दोनदा भरला आणि दोनदा स्वतःच मागे घेतला.

२०४२ च्या एप्रिलमध्ये एका सकाळी ऋजुताचा फोन आला. चौदा महिन्यांनी. म्हणाली, "आई, आम्ही तीन दिवस बाहेरगावी होतो. आत पाऊल ठेवताच घरानं निरोप दिला. म्हणालं, मंदार यांची पावलं तीन दिवस ऐकू आलेली नाहीत. मी खाली गेले. राऊळकाका खुर्चीतच गेले गं."

मी काही बोलले नाही.

"आई? आहेस ना? बोल काहीतरी."

"आहे," मी म्हटलं. "आहे मी. बोलतेय."

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला गेले. दालनात पुन्हा वीस पावलं चालावी लागली, कारण घर सोडून गेलेल्या माणसाची चाल ते पुसून टाकतं. वर गेले तेव्हा दार उघडंच होतं. चौदा महिन्यांची इरा उंबऱ्याशी उभी होती, भिंत सोडून, तोल सावरत. तिच्या आठवणीत मी कुठेच नव्हते. ती माझ्याकडे एक पाऊल आली. मग दुसरं.

मी मोजत होते.